रविवारचं पाणी

३ ऑगस्ट, गुरुवार

बीपी १५८/९६. डॉक्टर म्हणाले, रोज लिहून ठेवा. बायकोने, म्हणजे फ्लॉसीने, ही डायरी आणून दिली आणि वर ऐकवलं, "आकड्याखाली भरपूर जागा आहे. राग आला की तिथे लिही, माझ्यावर ओरडू नकोस." म्हणजे मी ओरडतो! एकोणसत्तर वर्षांचा माणूस स्वतःच्या घरात जरा मोठ्याने बोलला की त्याला ओरडणं म्हणतात. बरं, लिहितो.

सकाळी हंसा टोपली घेऊन आली. विरारच्या पलीकडे नदीकाठी तिचं गाव आहे, तिथून आठवड्यातून दोनदा आमच्या गिरीजला येते. तिच्या आधी तिची सासू यायची. टोपलीत बोंबील, मांदेली, मूठभर कोळंबी. मी म्हटलं, "हे काय? ऑगस्ट लागला आणि पाला नाही?"

"पाला चढतोय साहेब, पन वरती पोचतच नाय. डबक्यांत मरून पडतोय. पोटात गाबोळी तशीच."

मला पटेना. पाला समुद्रातला मासा, पण अंडी घालायला पावसाळ्यात नदीत शिरतो आणि प्रवाहाच्या उलट वर वर जातो. असा मासा डबक्यात मरतो कशाला? तर म्हणे, "तुम्ही धरनावर होता ना? जरा सांगा त्यांना." मी त्या धरणाचं पॉवरहाऊस सोडून चोवीस वर्षं झाली आणि निवृत्त होऊन अकरा. पण गिरीजमध्ये कुणाच्या घरी दिवा गेला तरी लोक मलाच फोन करतात, तर हिचं काय!

जाताना म्हणाली, "नारळी पुनवेपर्यंत बघनार. नदी अशीच राहिली तर जाळं विकनार नि पॅकिंगच्या कंपनीत जानार. तिकडं नाव देऊन ठेवलंय."

तीन पिढ्यांचं जाळं. फ्लॉसीला वाईट वाटलं. मलाही वाटलं, पण मी बोललो नाही. बोललो असतो तर ओरडलास म्हणाली असती.

६ ऑगस्ट, रविवार

चर्चमध्ये सकाळची मिस्सा झाल्यावर स्कूटरने हंसाच्या गावी गेलो. रस्ता म्हणजे चाळण. पंधरा दिवस पाऊस नाही, तरी खड्ड्यांत पाणी कुठून येतं कोण जाणे.

जिथे भरतीचं पाणी संपतं आणि गोडं पाणी सुरू होतं तिथे नदीत खडकांची एक उतरंड आहे. तिच्या वरच्या अंगाला नदी उघडी पडली होती. नुसते गोटे आणि मधे मधे डबकी. एका डबक्यात मोजले, अकरा पाले. सात मेलेले, चार आडवे होऊन तोंड उघडझाप करत होते. हंसाने एक मेलेली मादी उचलून पोट दाबलं. गाबोळी सगळी आत. कावळे आणि कुत्री आमच्या जाण्याची वाट बघत होती.

"दर रविवारी असंच," हंसा म्हणाली. "रविवारी पानी उतरतं, सोमवारी परत चढतं. पन तोवर हे मेले."

मी तिला समजावलं. दर रविवारी मरतात याचा अर्थ सरळ आहे. वरच्या बाजूला कुणीतरी कारखानदार आहे, त्याला ठाऊक आहे की रविवारी तपासणीला कुत्रं फिरकत नाही. शनिवारी रात्री घाण सोडतो. साधा तर्क आहे. ती म्हणाली, "घाण असती तर खेकडे आधी मेले असते." मी म्हटलं, बाई, मी इंजिनीअर आहे.

७ ऑगस्ट, सोमवार

बीपी १६२/९८. प्रदूषणवाल्यांच्या ऑफिसात सात फोन. पहिला म्हणतो दुसऱ्याशी बोला, दुसरा जेवायला गेलाय, तिसरी म्हणते ईमेल करा, ईमेल परत आली. शेवटी एकाने विचारलं, "मासे कुठल्या जातीचे?" मी पाला म्हटलं, तो कसा चढतो ते दहा मिनिटं समजावलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग मत्स्य विभागाला फोन करा." अरे, मग आधी सांगायचं ना!

ठरवलं, यांच्या नादी लागायचं नाही. पाण्याचे नमुने मीच घेणार, खासगी लॅबला मीच देणार.

१३ ऑगस्ट, रविवार

पाच बाटल्या भरल्या. फ्लॉसीच्या व्हिनेगरच्या होत्या, त्यावरून घरात वेगळं महाभारत. आज डबक्यांत तेवीस मेलेले. पाणी तसंच खाली. पाऊस नाही तर पाणी कमीच असणार.

दुपारी जेवायला दुधी. रविवारी दुधी! मी म्हटलं, आपल्या रविवारांची काय कळा झाली बघ. धरणावर होतो तेव्हा पाच वर्षांत मी एक रविवारची मिस्सा चुकवली नाही. सगळे म्हणायचे, त्या जंगलात बदली झाली म्हणजे कॉन्रॅड आता चर्चला मुकला. पण मी बरोबर व्यवस्था लावली होती. शनिवारी संध्याकाळी जीपने निघायचो, वाटेत हंसाच्या सासूकडे थांबायचो. रात्री मी पोचेपर्यंत तिच्याकडे पाला असायचाच, तोही ढिगाने. म्हातारी म्हणायची, "शनिवारी नदी आपल्या हातानं देते." मी सगळ्यात मोठी मादी निवडायचो. रविवारी मिस्सा, मग फ्लॉसीचं पाल्याचं आंबट कालवण, तळलेली गाबोळी. आमची पोर एलिसा तेव्हा चार वर्षांची, काटे काढून मीच भरवायचो.

हे सगळं सांगत होतो तेव्हा फ्लॉसी ताट घेऊन माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कॉन्रॅड, नदी रविवारीच का आटते, हे तू दुसऱ्यांना विचारत फिरतोस?"

"मग कुणाला विचारू? तुला?"

"राहू दे," म्हणाली आणि आत गेली. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं तिने. प्रश्न विचारायचा आणि उत्तर सांगायचं नाही, ही सवय काही जात नाही.

१९ ऑगस्ट, शनिवार

लॅबचा रिपोर्ट. पाणी स्वच्छ! विष नाही, तेल नाही, ॲसिड नाही. पाचवी बाटली थोडी आंबट निघाली, ते व्हिनेगर. माझे दोन आठवडे पाण्यात गेले. लॅबवाल्या पोराने वर शहाणपणाने विचारलं, "काका, मासे पाणी नसल्यामुळे तर मेले नसतील?"

२० ऑगस्ट, रविवार

आज हंसाने मला तिचा खुंटा दाखवला. उतरंडीच्या वरच्या अंगाला काठावर पुरलेला भेंडीच्या लाकडाचा जाड खुंटा. जूनपासून रोज सकाळी पाणी जिथे असेल तिथे ती कोयत्याने खूण मारते. सोमवार ते शनिवारच्या खुणा एका पट्ट्यात. रविवारची खूण दर वेळी खाली, एकटी; पाऊस होता तेव्हा बोटभर, पाऊस गेल्यापासून हातभर. अकरा रविवार, अकरा खुणा.

माझ्या तोंडून निघून गेलं, "हंसा, हे भरती-ओहोटीमुळे असेल."

तिने कोयता खाली ठेवला. "साहेब, तुम्ही मला भरती शिकवता? भरती रविवार बघून येते काय? नि हितं वरती भरती चढते काय? मी पहिल्या दिवशी सांगितलं, रविवारी पानी उतरतं. तुम्ही बाटल्या भरत बसलात."

 तीन आठवडे गेले. तिन्ही वेळा पाल्याची झुंड वर चढायला आली होती आणि तिन्ही वेळा गोट्यांत अडकून मेली. मी मान खाली घालून म्हटलं, तुझं बरोबर आहे. वरून पाणी बंद करताहेत. पाऊस असता तर एवढं कळलं नसतं, ओढे भरून वाहिले असते. या कोरड्या ऑगस्टमध्ये नदीत जे काय पाणी आहे ते पॉवरहाऊसमधून सुटतं तेवढंच. मशीन बंद, नदी बंद.

"धा दिवस राहिले पुनवेला," ती म्हणाली.

२२ ऑगस्ट, मंगळवार

पॉवरहाऊसवर जाऊन आलो. चोवीस वर्षांनी. तेच गेट, तोच गुलमोहर, फाटकावर तोच गंजलेला बोर्ड. साहेब म्हणून आता एक मुलगी आहे, ऋतिका, फार तर तिशीची. तिने चहा दिला, नीट ऐकून घेतलं, वहीत लिहून घेतलं. मला उगीचच रागवायला काही मिळेना.

मग म्हणाली, "सर, शनिवारी संध्याकाळी सहा ते सोमवारी सकाळी सहा, दोन्ही मशीन बंद. स्टँडिंग ऑर्डर आहे. आठवड्याची जाळी-सफाई."

पाणी मशीनकडे जातं त्या तोंडाशी कचरा अडवायला लोखंडी जाळी असते. ती साफ करायला दोन माणसांना दोन तास पुरतात. मी म्हटलं, छत्तीस तास? कुठल्या गाढवाने काढली ही ऑर्डर? जाळी साफ करताय की जाळीला पॉलिश?

कोपऱ्यात प्रल्हाद नावाचा ऑपरेटर उभा होता, तो छताकडे बघायला लागला. ऋतिका म्हणाली, "सर, खरं सांगू? रविवारी कुणी साफ करत नाही. सगळे घरी जातात. मी आले तेव्हापासून हेच चाललंय, माझ्या आधीच्यांनी पण हेच केलं. दर वर्षी त्याच ऑर्डरची झेरॉक्स लागते. रविवारी विजेची मागणी कमी, त्यामुळे वरून कुणी विचारत नाही."

मी जे सुरू केलं ते चहा गार होईपर्यंत थांबलो नाही. स्वतःच्या सुट्टीसाठी एक अख्खी नदी बंद करता, लाज नाही वाटत? खाली एक बाई खुंट्यावर खुणा मारून तुमचा हिशेब ठेवतेय, तुमच्यापैकी एकाला तरी माहीत आहे का? आमच्या वेळी असं नव्हतं! ऋतिका म्हणाली, मूळ ऑर्डर रेकॉर्डमधून शोधून पाठवते. प्रल्हाद फाटकापर्यंत सोडायला आला, एक शब्द बोलला नाही.

घरी येऊन बीपी घेतला. १४०/८६. बऱ्याच दिवसांनी इतका चांगला आला.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

व्हॉट्सॲपवर ऋतिकाचा मेसेज. मूळ ऑर्डरचा फोटो. १९९५ साल. "आठवड्याच्या जाळी-सफाईसाठी." खाली माझी सही.

मेसेजमध्ये लिहिलंय, "सर, ही तुमचीच ना? कारण आता लागू नाही, एवढी एक ओळ तुम्ही लिहून दिलीत तर मला वर दाखवता येईल. उद्या दुपारपर्यंत मिळालं तर या रविवारपासूनच एक मशीन चालू ठेवते."

२६ ऑगस्ट, शनिवार

लिहिलं नाही. दुपार गेली.

ती फक्त त्या एका पावसाळ्यापुरती होती. एक मशीन दुरुस्तीला होतं, माणसं कमी होती. मी विसरलोच होतो. खरंच विसरलो होतो. कोण धरून बसतं असल्या कागदाला अठ्ठावीस वर्षं? आणि एका ओळीत काय लिहू? कारण आता लागू नाही? ते तेव्हाही लागू नव्हतं. कारण मी बसल्या जागी रचलं होतं, जीप सहाला सुटायची म्हणून सहा वाजता मशीन बंद. त्या पोरीसमोर मी गाढव म्हणालो. प्रल्हाद तेव्हाच ओळखून होता, म्हणून छताकडे बघत होता.

२७ ऑगस्ट, रविवार

मिस्सेला गेलो. नदीवर गेलो नाही. पाय दुखत होता असं फ्लॉसीला सांगितलं.

मिस्सेनंतर पापनिवेदनाला बसलो. फादर वयाने माझ्या एलिसापेक्षाही लहान. सगळं सांगितलं. म्हटलं, फादर, मी हे देवासाठी केलं, रविवार चुकू नये म्हणून.  मग त्यांनी विचारलं, "तिकडे मिशनचं चर्च आहे ना? पॉवरहाऊसपासून जवळच. मी होतो तिथे दोन वर्षं. रविवारी दहाची मिस्सा फार जुनी आहे तिथली."

होतं चर्च. पायी अर्धा तास. मला तेव्हाही ठाऊक होतं.

घरी आलो, फ्लॉसीला सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत आहे. तेव्हाही माहीत होतं. तू यायचास म्हणून मी गप्प बसले. मला तू घरी हवा होतास, कॉन्रॅड, मी कशाला विचारू पाणी कुठे जातं?"

मला तिथल्या क्वार्टरमध्ये रविवार काढवत नव्हता, एवढंच खरं. बायको हवी होती, पोर हवी होती, पाल्याचं आंबट हवं होतं. आणि शनिवारचा तो ढीगभर पाला नदी देत नव्हती. सहा वाजता मी पाणी बंद करायचो, उतरंडीवरच्या डबक्यांत मासे अडकायचे, म्हातारीची माणसं हाताने उचलायची. त्यातली सगळ्यात मोठी मादी मी निवडायचो. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी खात होतो तो आज डबक्यात मरतोय तोच मासा.

बीपी बघितला नाही.

२९ ऑगस्ट, मंगळवार

काल लिहायला बसलो, चार कागद फाडले. आज पाचवा घेऊन स्वतः पॉवरहाऊसवर गेलो. "सफाईचं कारण खोटं होतं. मला रविवारी घरी जायचं होतं." ऋतिकाने दोनदा वाचलं. "सर, एवढं लिहायची गरज नव्हती." मी म्हटलं, आहे.

प्रल्हाद मात्र आज बोलला. "सर, त्या दिवशी तुम्ही माझी लाज काढलीत. माझं घर विरारला. बारा वर्षं मी पोरांना फक्त रविवारी बघतोय, तेही तुमच्या त्या सहीच्या कृपेने. आता तुमचं जेवून झालं आणि आमचं ताट काढून घेताय."

 मी सरळ माफी मागितली. आवाज चढला नाही, आश्चर्यच. ऋतिकाने तोडगा काढला. पाल्याचा हंगाम संपेपर्यंत रविवारी एक मशीन कमी जोरात चालेल, तिघांनी आळीपाळीने रविवार घ्यायचा, बदल्यात बुधवार-गुरुवार सुट्टी. प्रल्हाद म्हणाला, "बुधवारी पोरं शाळेत असतात." पण पहिला रविवार त्यानेच घेतला. येत्या तीन तारखेपासून.

उद्या नारळी पौर्णिमा. हंसाला फोन केला, लागला नाही.

३ सप्टेंबर, रविवार

पहाटेच निघालो. मिस्सा चुकली. फ्लॉसी म्हणाली, "जा, देवाला मी सांगते."

पाणी होतं! खडकांवरून खळाळत होतं, डबकी सगळी एकमेकांना जोडलेली. उतरंडीच्या एका कपारीत चांदीसारखं काहीतरी चमकलं, पाण्यावर उसळलं आणि वरच्या अंगाला गेलं. मग दुसरं. मी वेड्यासारखा ओरडलो, "हंसा, चढतोय, बघ, चढतोय!"

ती काठावर बसली होती. खुंट्याजवळ. तिला सगळं सांगितलं, सही, जीप, जाळी, सगळं. मधे एकदाच तिने विचारलं, "म्हंजे सासूची शनिवारची मासळी तुमच्या हातची?"

"माझ्याच हातची."

"ती मरेस्तोवर सांगायची, एक साहेब होता, लई देवमानूस, घासाघीस नाय करायचा."

मी म्हटलं, आता पाणी राहील हंसा. हंगामभर. जाळं काढ.

"जाळं गेलं साहेब. पुनवेला विकलं. मागच्या रविवारी लई मोठी झुंड आली होती, यंदाची सगळ्यात मोठी. डबकी भरून मेली. मी तुमची वाट बघितली. तुम्ही आला असता तर निदान दोघांनी उचलून वर तरी सोडले असते. मग मी म्हटलं, झालं."

मागच्या रविवारी. माझा पाय दुखत होता.

मी तिथेच गोट्यावर बसलो. मला रडू आलं, लपवलं नाही. तिने मला रडू दिलं. समजूत काढली नाही, ते बरंच केलं. पाणी तिच्या पायाशी वाहत होतं आणि पाले एकामागून एक वर जात होते, त्यांना पकडायला नदीवर कुणी नव्हतं.

मग तिने कोयता माझ्या हातात दिला. "उद्यापासनं कंपनी. सकाळी सातची गाडी येते न्यायला. मला आता सुट्टी फक्त रविवारची. रविवारची खूण मी मारीन. बाकीचे सहा दिवस तुमचे."

"मी रोज येऊ? गिरीजहून?"

"तुम्ही यायचात की शनिवारी एवढ्या लांबून. मासळीसाठी."

४ सप्टेंबर, सोमवार

बीपी १५०/९०. सकाळी साडेसातला पोचलो. स्कूटर दोनदा बंद पडली, रस्ता तसाच. पाणी कालच्याच खुणेवर. कोयता नीट धरता येत नाही, खूण वाकडी आली.

उद्या फ्लॉसीचा चष्मा घेऊन जातो, माझ्या चष्म्यातून जवळचं दिसत नाही.